घोरकाठी

माळखडी गावात घोरकाठीनं झोपवलेला पहिला माणूस म्हणजे सरपंच. यात यंत्राचा दोष नव्हता. काठी जमिनीत रोवायची, हेडफोन कानाला लावायचा आणि ऐकायचं, एवढंच डॉक्टर मुजावर बाईंनी सांगितलं होतं. सरपंचांनी फोटोसाठी काठी धरली, हेडफोन लावला, चेहऱ्यावर विकास आणला, आणि फोटो निघेपर्यंत उभ्याउभ्याच डोळे मिटले. दोघांनी धरून खाली बसवलं. सात मिनिटांनी ते जागे झाले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. "आमच्या आत्याच्या गोठ्यात होतो," एवढंच बोलले आणि लिहून आणलेलं भाषण खिशात तसंच ठेवून घरी गेले. असं माळखडीत पूर्वी कधी घडलं नव्हतं. यंत्राबद्दल लोकांचं मत तिथंच चांगलं झालं.

सन २०४१ चा पौष होता. यंत्राचं सरकारी नाव 'सुप्त बीजाणू श्रवण संयंत्र'. ते उच्चारेपर्यंत जनावर चरून परत येतं, म्हणून गावानं दुसऱ्याच दिवशी त्याला घोरकाठी म्हणायला सुरुवात केली.

मुजावर बाई मिरजेच्या. वय तिशीचं, जंतूंवर डॉक्टरेट. जनावरांच्या दवाखान्याच्या अंगणात गाव जमवून त्यांनी सगळं समजावून सांगितलं.

"फऱ्या रोग तुम्हाला ठाऊकच आहे," त्या म्हणाल्या. "धडधाकट, अंगानं भरलेलं खोंड सकाळी लंगडतं. मागचा फरा सुजतो. सुजेवर बोट दाबलं की आत पाचोळ्यावर पाय पडावा तसं चरचर वाजतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खोंड जातं. हे करणाऱ्या जंतूला वारा सोसत नाही. मांसाच्या आत, जिथं हवा नाही, तिथं त्याचं राज्य. जनावर मेलं, हवा लागली, की तो अंगाभोवती जाड कवच करून घेतो आणि निजतो. ना खाणं, ना पिणं, ना श्वास. उकळा, वाळवा, वर नांगर फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहतो. मेलेला नसतो आणि जिवंतही नसतो."

"आमच्या ग्रामसभेगत," मागून कुणीतरी म्हणालं.

"तसंच. फक्त हा जागा झाला की काम करतो," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या दिवसापासून गाव त्यांना मानू लागलं.

पुढचं त्यांनी सांगितलं ते नवं होतं. निजलेल्या बीजाणूत विजेचा एक अगदी बारीक साठा असतो. ओल आली, कुठून गोडवा झिरपला, की तो त्यातला कणभर सोडतो. म्हणजे झोपेतच एक डोळा किलकिला करून बघतो, मांस आलं का? आलं नसेल तर पुन्हा मिटतो. अशा कोट्यवधी डोळ्यांची ही उघडझाप काठीला कळते आणि काठी तिचा आवाज करते. तो आवाज हुबेहूब घोरण्यासारखा. शिवाय प्रत्येक घराण्याचं घोरणं वेगळं. बापाचं लेकरात उतरतं, लेकराचं नातवात. एका जागचे जंतू दुसरीकडं गेले तरी घोरणं तेच राहतं.

"मग ऐकणाऱ्याला झोप का लागते?" रंगरावांनी विचारलं.

"आपला मेंदू त्या तालात जाऊन बसतो. आणि स्वप्नं का पडतात ते अजून संशोधनात आहे."

शेवटचं काम 'उठवणी'चं. उठवणी म्हणजे एक पिवळसर पाणी. त्यात बीजाणूला मांसाची चाहूल लागेल असं काहीतरी घातलेलं. ते शिंपडायचं, जमिनीत नळ्यांनी वारा सोडायचा. सगळे एकदम जागे होतात, कवच टाकतात, आणि बघतात तर वारा आणि ऊन. संध्याकाळपर्यंत खलास.

"म्हणजे खोटं सांगून उठवायचं," रंगराव म्हणाले.

"हो काका. पण एकदा उठवले की त्या जागेचं घोरणं कायमचं बंद. म्हणून आधी ऐकून घ्यायचं, नोंद करायची, मगच उठवायचं."

रंगराव जावीर यांना गाव डॉक्टर म्हणे. ते डॉक्टर नव्हते. पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागले आणि पशुधन पर्यवेक्षक म्हणूनच निवृत्त झाले. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत ते 'मी डॉक्टर नव्हे' असं सांगत असत. मग ध्यानात आलं, की गाव याला विनय समजतं आणि आणखीच डॉक्टर म्हणतं. तेव्हा सोडून दिलं. आता वय अठ्ठ्याहत्तर. गावात कुठलं जनावर कधी मेलं आणि कुठं पुरलं हे एवढ्या तपशिलानं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून सरकारनं त्यांना 'स्थानिक स्मृतिमित्र' नेमलं आणि एक टोपी दिली.

काम सोपं होतं. बाईंना जागा दाखवायची. बाई काठी रोवणार, ऐकणार, गालात चिमटा काढून जाग्या राहणार. जागा एकूण एकशेबारा. काठी आपली नोंद उपग्रहाकडं पाठवी, पण कागदावर निळ्या शाईनं लिहिलेलं सरकारला अजूनही जास्त खरं वाटे, म्हणून रंगराव तेच वहीत लिहीत. जिथं घोरणं ऐकू येत नसे तिथं लिहायचं, 'निरंक'. हा शब्द रंगरावांचा फार जुना ओळखीचा. उभ्या नोकरीत त्यांनी जितकी जनावरं तपासली नसतील तितक्या वेळा तो लिहिला होता.

पहिल्या आठवड्यात गाव अगदी मवाळ झालं. जो काठी ऐके तो पाच-सात मिनिटं डोळे मिटून बसे आणि उठला की कुणाशी भांडत नसे. एकाला मेलेल्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू आली. एकाला स्वप्नात आपलंच शेत दिसलं, फक्त त्यात ज्वारीऐवजी दुधाची ताटं डोलत होती. माळावरचं पौषातलं ऊन, वाऱ्यानं हलणारं वाळकं कुसळ, आणि कुठं बांधावर, कुठं ओढ्याकाठी मांडी घालून पेंगणारी माणसं. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, सगळ्या गावानं मिळून कुणाचं तरी स्वप्न सांभाळायला घेतलंय.

रंगरावांना मात्र या मवाळपणात एक बारीक काटा टोचत होता.

दुपारचं जेवण झालं की ते हिराबाई मेटकरींच्या ओट्यावर जात. बायको गेल्यापासूनचा हा रिवाज. हिराबाई चहा देई, रंगराव तो पीत आणि ओट्यावरच भिंतीला टेकून झोपत. हिराबाई एकोणसाठ वर्षांची, विधवा. बावीस शेरडं. ती दिवसा झोपत नसे. रात्री निजली तरी दोन-तीनदा उठून शेरडं मोजी. आणि तिला गाव म्हणे पेंगाक्का.

हे नाव ठेवायला कारण घडलं पंचेचाळीस वर्षांपूर्वी. हिरा चौदा वर्षांची होती. बापाचं एक खिलार खोंड होतं, पांढरंशुभ्र, नाव पाखऱ्या. खरसुंडीच्या जत्रेत मिरवायचं म्हणून घरादारानं स्वतः शिळं खाऊन त्याला हिरवं घातलं होतं. राखायला हिरा. एका जूनमध्ये पाखऱ्याला फऱ्या झाला आणि तो गेला. पर्यवेक्षक जावीर आले, त्यांनी खोंड पाहिलं, आणि विचारलं, "पोरगी राखताना झोपली होती का?" हिरा प्रामाणिक. म्हणाली, "डुलकी लागली हुती." मग गावानं उरलेलं आपण होऊन जोडलं. पोरगी पेंगली, खोंड ढोरपडीत शिरलं, म्हणजे मेलेली ढोरं टाकायच्या जागेत, तिथलं गवत खाल्लं, मेलं. हिराचं पहिलं स्थळ त्यावरून मोडलं. पोरांच्या पोरांना आता कारणही ठाऊक नव्हतं, पण ती प्रेमानं 'पेंगाक्का, पेंगाक्का' अशी हाक मारत आणि ती प्रेमानं ओ देई.

"डाक्टर," त्या दुपारी चहाची कपबशी पुढं करत ती म्हणाली, "ती काठी ढोरपडीला लावा की."

"लावणारच आहोत. क्रमांक एकशेदहा."

"म्या बी येनार. ज्याच्यापायी माजं नाव पडलं ते घोरतंय तरी कसं, ऐकू दे."

"ऐकून काय मिळणार तुला?"

"तुमाला काय मिळतंय रोज हितं घोरून? मिळतं त्ये मिळतं."

त्या दुपारी रंगरावांना ओट्यावर झोप लागली नाही. लागल्यासारखं केलं.

ढोरपड म्हणजे ओढ्यापलीकडची पांढरी खडकाळ जागा. पाखऱ्या गेल्यापासून तिथं गुरं कुणी चरायला नेली नव्हती. बाईंनी चार ठिकाणी काठी रोवली, पुन्हा रोवली, कपाळाला आठ्या घातल्या.

"इथं फऱ्या नाही," त्या म्हणाल्या.

"मेला आसंल," हिराबाई म्हणाली.

"मेला तरी टरफलं सापडतात, काठीला कळतात. इथं कधी नव्हताच, मावशी. बाकीचे दोन-तीन जंतू आहेत, ते निरुपद्रवी. या जागेत चरून कुणाला फऱ्या होणं शक्य नाही."

हिराबाईनं पायाच्या अंगठ्यानं ती पांढरी जमीन उकरली. "मग पाखऱ्याला कुटं लागला?"

"तुमच्या खोंडाला पुरलंय तिथं ऐकू. त्याचं घोरणं ज्या जागेशी जुळेल, ती जागा."

रंगरावांनी वहीत 'निरंक' लिहिलं. शाई जरा पसरली.

पाखऱ्याला हिराच्या बापाच्या बांधावर, हिवराच्या झाडाखाली पुरलं होतं. जागा क्रमांक एकशेअकरा. काठी रोवताच काठीवरचा दिवा हिरवा झाला. बाईंनी ऐकलं. "फऱ्याच. आवाज पण स्पष्ट आहे. दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी बारीक शीळ." एवढं बोलून त्या चिमट्याला न जुमानता पेंगल्या, आणि उठल्यावर लाजल्या.

हिराबाईनं हेडफोन लावला. एक मिनिट, तीन मिनिटं, दहा मिनिटं. डोळे टक्क उघडे.

"मावशी, तुम्हाला झोप येत नाही?"

"न्हाई."

"आजवर असं एकही माणूस झालं नाही!"

"म्या पंचेचाळीस वरसं सवय मोडलीया, बाई." मग ती थांबली, मान तिरकी करून पुन्हा ऐकू लागली. "ही शीळ म्या कुटंतरी ऐकलीया. कुटं, त्ये ध्यानात येईना."

मग रंगरावांच्या कानाला हेडफोन लागला. दोन आखूड, एक लांब, शीळ. हिवराची सावली पातळ झाली, पाण्यासारखी हलू लागली. दवाखान्याच्या गच्चीवर पाखऱ्या उभा होता. पांढरा, चंद्र ओला करून ठेवावा तसा. त्याच्या पुढ्यात काडीवरचं लालभडक गारीगार होतं आणि तो ते सावकाश चाटत होता. गारीगार संपत नव्हतं. चाटता चाटता त्यानं रंगरावांकडं पाहिलं, अगदी मायेनं, आणि लाल जिभेनं विचारलं, "मागची बाजू वाचली का, डाक्टर?"

रंगराव जागे झाले तेव्हा हिराबाई त्यांच्याकडं बघत होती. "काय दिसलं?"

"काही नाही," ते म्हणाले. "निरंक."

दुसऱ्या दिवशी बारा वाजता उठवणीचं उद्घाटन होतं, दवाखान्याच्या अंगणात. मंडप, 'फऱ्यामुक्त गायरान' असा फलक, हारतुरे, आणि जिल्ह्याहून येणारे पाहुणे. त्यांच्या हस्ते पहिला फवारा दवाखान्यामागच्या खोड्याजवळ. खोडा म्हणजे जनावराला उभं करून धरायची लाकडी चौकट. एकशेबारा जागांतली ही शेवटची, क्रमांक एकशेबारा, आणि तीच ऐकायची राहिली होती. पूर्वी आजारी गुरं तिथं आणत. काही बरी होत, काही तिथंच पडत. बरं करायच्या जागेवर कुणाला संशय येत नाही. शेजारी एक बाभळ.

साडेदहा वाजता मुजावर बाई धावतपळत आल्या. "काका, उठवणीचा टँकर वळणावर अडकलाय, मला जावं लागेल. तुम्ही ऐकून घ्या ना. फऱ्या असेल तर घोरण्याचं वर्णन लिहा. नसेल तर निरंक. मी सही करीन. आणि काठीतली नोंद पाठवायचं बटण सध्या बिघडलंय, तेव्हा तुम्ही लिहाल तेच कायम."

त्या गेल्या. रंगराव, खोडा, बाभळ आणि काठी एवढेच उरले.

त्यांनी काठी रोवली. दिवा हिरवा. दोन आखूड, एक लांब, आणि शीळ.

या खेपेला स्वप्न पडलं त्यात पाखऱ्या नव्हता. नुसती एक चौदा वर्षांची मुलगी शेंगा सोलत बसली होती आणि तिच्या पापण्या हळूहळू, हळूहळू खाली येत होत्या. रंगरावांना तिला ओरडून सांगायचं होतं, झोप, झोप बाळ, काही होत नाही. पण तोंडात काटा होता.

जागे झाले तर घड्याळात अकराला पाच कमी. मंडपात माइक 'हॅलो हॅलो' करत होता. तासाभरात फवारा पडला की या जागेचं घोरणं कायमचं नाहीसं होणार होतं. मग पाखऱ्याला कुठं लागला, याचं उत्तर कोणतीच काठी देणार नव्हती. हिरा पेंगाक्का राहणार होती. तशीही आहेच की. ओ देते की प्रेमानं. आणि दुपारी ओटा असणार होता, चहा असणार होता. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला दुसरं काय लागतं?

त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि हात आपोआप चालू लागला. पंचेचाळीस वर्षांपूर्वीही असाच चालला होता. 'लसीकरणानंतरची मरतूक' या रकान्यात.

'निरं' लिहून झालं. 'क' राहिला.

तेवढ्यात घुंगरं वाजली. बावीस शेरडं घेऊन हिराबाई माळाकडं निघाली होती. रंगराव पेन तसंच धरून तिच्याकडं बघत राहिले.

"हिरा," ते म्हणाले, "इकडं ये. हे ऐक."

"आत्ता? शेरडं मंडपाचा पाला खातील."

"खाऊ दे."

असं वाक्य रंगरावांच्या तोंडून कधी निघालं नव्हतं, म्हणून ती आली. हेडफोन लावला. क्षणभरात तिची मान वर झाली.

"ह्यो तर आपला पाखऱ्याच. तीच शीळ."

"होय."

"पर पाखऱ्या हितं कुटं चरायचा? हितं गवात तरी हाय का?"

"चरला नाही. उभा होता. या खोड्यात. लस टोचायला तूच त्याला घेऊन आली होतीस." रंगराव खोड्याच्या लाकडावर बसले. "दवाखान्याचा फ्रिज तेव्हा बंद होता. लस गारीगारच्या कारखान्यात ठेवली, बर्फाच्या पेटीत. कागदावर लिहिलं होतं, 'थंड ठेवावी.' म्हटलं, आपण जास्त थंड ठेवू. कागदाच्या मागच्या बाजूला होतं, 'गोठवू नये.' ती बाजू मी वाचली नाही. लस गोठली, विरघळली, गुठळ्या झाल्या. तशीच हलवून टोचत गेलो. पाखऱ्या शेवटचा. त्याच्या वेळेला गुठळीनं सुई तुंबली. दुसरी सुई नव्हती. मी या बाभळीखालचा एक काटा उचलला, मातीतला, आणि सुई साफ केली."

हिराबाईनं खाली पडलेल्या काट्यांकडं पाहिलं.

"मानेत द्यायची सुई. त्यानं उडी मारली, म्हणून मागच्या फऱ्यात बसली. तिसऱ्या दिवशी सूज आली ती बरोबर त्या भोकाभोवती. बोट ठेवलं, चरचर वाजलं. मला तेव्हाच कळलं."

"आन् मग?"

"मग मी विचारलं, पोरगी झोपली होती का."

बाभळीच्या शेंगा वाऱ्यानं खुळखुळल्या.

"मी खोटं काही बोललो नाही, हिरा. नुसतं विचारलं." पंचेचाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी मनात इतकं घोळवलं होतं, की ते गोटीसारखं गुळगुळीत झालं होतं. पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारलं आणि त्यांना स्वतःलाच त्याचा वास आला.

"एक शेंग सोलून खाईस्तवर डुलकी लागली हुती," हिराबाई सावकाश म्हणाली. "तेवढीच. पाखऱ्या माज्या पायाशीच बसला हुता, रवंथ करत. म्या डोळं उगडलं तवा बी तितंच हुता. पर सगळीजनं म्हनली, तो ढोरपडीत गेला. म्हनलं, गेला आसंल. आपुन झोपलेलो, आपल्याला काय ठावं?" ती त्यांच्याकडं वळली. "माजं पयलं स्थळ मोडलं त्या दिवशी तुमी आमच्यात हुता. पव्हं खाल्लं हुतं. दोन बशा."

"होय."

"आन् धा वरसं माज्याच वट्यावर येऊन झोपताय. कशी वो झोप लागती तुमाला?"

लागत होती, हे खरं होतं.

"कसं घोरता ठावं हाय?" हिराबाई म्हणाली. तिच्या ओठाचा कोपरा हलला. तो रडण्याकडं चालला होता की हसण्याकडं, हे सांगता येत नव्हतं. "दोन आखूड, येक लांब, आन् शेवटाला शीळ. काल म्या हिवराखाली इचार करत बसले, ही शीळ ऐकलीया कुटं! रोज दुपारी ऐकतीया की, धा वरसं!"

रंगरावांनी मान खाली घातली. एका शेरडानं मंडपाच्या फलकावरचं 'मुक्त' खाल्लं होतं आणि ते 'गायरान'कडं वळलं होतं.

"मी आता गावासमोर सांगतो, हिरा. माइकवरून सांगतो."

"माईक नगं. वहीत काय लिवलंय, दावा."

त्यांनी दाखवलं.

"निरं," तिनं वाचलं. "फुडं?"

"क राहिलाय."

"खोडा त्ये. आन् म्या सांगती तसं लिवा. वाचाय येतंय मला, फसवू नगा."

त्यांनी खोडलं. ती सांगत गेली, ते लिहीत गेले. मग तिनं वही हातात घेऊन बोट फिरवत एकदा पुरतं वाचलं आणि परत दिली. खांद्यावरची घोंगडी काढून बाभळीच्या सावलीत अंथरली, काटे वेचून बाजूला केले.

"शेरडं बावीस हायेत," ती म्हणाली. "तुमी राखायची. बावीसची बावीस ऱ्हायली पायजेत."

"आणि तू?"

"म्या निजती."

ती कुशीवर झाली. रंगरावांना वाटलं, जमायचं नाही, पंचेचाळीस वर्षांची सवय. पण तिच्या पापण्या हळूहळू खाली आल्या, अगदी स्वप्नात आल्या होत्या तशा, फक्त आता त्यांना थांबवायला कुणी ओरडत नव्हतं. काठी तिथंच रोवलेली होती. तिचा हेडफोन बाजूला पडून मातीशी पुटपुटत होता. दोन आखूड, एक लांब. हिराबाईचा श्वास मात्र स्वतःच्या चालीनं जात होता.

पावणेबाराला टँकर आला. बारा वाजता पाहुणे आले. मुजावर बाईंनी वही वाचली, पुन्हा वाचली, घोंगडीकडं पाहिलं, आणि पाहुण्यांपुढं जाऊन तोंडावर बोट ठेवलं. पाहुण्यांना आयुष्यात असं कुणी केलं नव्हतं. ते गप्प बसले. माइक बंद झाला. टँकरचं इंजिनही बंद झालं. जागा क्रमांक एकशेबारावरचा फवारा 'तांत्रिक कारणामुळे' पुढं ढकलण्यात आला. तांत्रिक कारण डाव्या कुशीवर होतं आणि त्याचा एक हात गालाखाली होता.

पण गाव जमलेलं, आणि रंगरावांना सांगायचं होतंच. मोठ्यानं बोलण्याची सोय नव्हती. म्हणून त्यांनी पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचांच्या कानात सगळं सांगितलं. गारीगारपासून काट्यापर्यंत, आणि त्या एका प्रश्नापर्यंत. सरपंचांनी शेजाऱ्याच्या कानात सांगितलं, शेजाऱ्यानं मागच्याच्या. मंडपभर वाऱ्यासारखी कुजबुज फिरत गेली. कुठलीही गोष्ट माळखडीत चार तोंडांतून गेली की तिला शिंगं आणि शेपूट फुटतं. ही गोष्ट मात्र शेवटच्या रांगेत पोचली तेव्हा पहिल्या रांगेतून निघाली तशीच होती. कुणालाच तिच्यात काही घालावंसं वाटलं नाही.

मग एकेक माणूस चपला हातात घेऊन खोड्याजवळ येऊन वही वाचून जाऊ लागलं. निळ्या शाईत लिहिलं होतं:

'जागा क्र. ११२. घोरणे: दोन आखूड, एक लांब, शीळ. लसीकरणानंतरची मरतूक: एक. नाव: पाखऱ्या. कारण: काटा. झोपेचा संबंध: निरंक.'

रंगराव माळाच्या कडेला उभे होते. दुपारचे साडेबारा, त्यांच्या झोपेची वेळ. पापण्या जड झाल्या होत्या. त्यांनी गालाला चिमटा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं. एकोणीस, वीस, एकवीस. बाविसावं पाहुण्यांच्या हारापाशी होतं. ते त्याच्यामागं अनवाणी, पाय न वाजवता धावले.

अख्ख्या गावात त्या घटकेला झोपलेलं असं एकच माणूस होतं, आणि तिला कुणी पेंगाक्का म्हणालं नाही.